लवू राऊळ आणि कोरी माती

"गिरणीतसून सुटलो नि मसणात लागलो!"

लवू राऊळच्या सबंध आयुष्याचा असा एका दमात निकाल लावायची ती त्याची बायको सुगंधा. नळावर चारचौघींत ती हे कधी बोलायची नाही. पण घरात भांडण रंगात आलं की पहिला बाण हाच सुटायचा. बोलणं खोटं थोडंच होतं?

संप लांबला तेव्हा गिरणीतली माणसं पिंजलेल्या कापसासारखी उडाली. कुणी मालाडच्या बाजारात भाजीची पाटी मांडली, कुणी रिक्षा हाकायला लागलं, कुणी गाशा गुंडाळून गाव गाठलं. लवूचं बिऱ्हाड आधीपासून कांदिवलीच्या चाळीत. ओळखीतल्या एकाने शब्द टाकला आणि त्याला पालिकेत काम लागलं. काम कसलं, तर उपनगरातल्या एका स्मशानात लहान मुलांसाठी राखलेला जमिनीचा तुकडा होता, तिथे खड्डे खणायचं. मोठं माणूस गेलं की आपण त्याला अग्नी देतो; पण दातही न आलेलं लेकरू गेलं तर त्याला मातीच्या कुशीत ठेवायचं, ही आपली रीत. ती कूस लवू खणायचा.

आता राऊळाच्या घरातला माणूस मसणात खड्डे खणतो, हे कुडाळकडच्या भावकीला कसं सांगायचं? सुगंधाने आपणच तोड काढली. शिमग्याला गावी गेली आणि सांगून आली, "आमचे हे बाग खात्यात असत."

झालं! पुढच्या मे महिन्यात लवू गावी उतरला तर खळ्यात माणसांची ही रांग. कुणाला आंब्याचं कलम हवं, कुणाची सुपारी गळत होती. देवळाच्या मानकऱ्याने तर हाताला धरून आपल्या वाळत चाललेल्या माडाखाली नेऊन उभं केलं. "लवू, तू बागेतलो माणूस. बघ रे काय झाला ता." लवूने उभ्या जन्मात जिवंत असं काही मातीत घातलं नव्हतं. पण नाही म्हणायची सोय कुठे होती? त्याने माडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाच आपटली, कान दिला आणि घसा खाकरून म्हणाला, "ह्याच्याखाली कातळ हा. मुळां जातली खंय?" खणून बघितलं तर खरंच कातळ! माड वाचला नाही, पण लवूचं नाव पंचक्रोशीत झालं. जाताना लोकांनी त्याला फणस दिले. सुगंधा परतीच्या एस्टीत पदराआड हसत बसली होती.

ही टाच आपटायची खोड त्याला कामातून लागलेली. कुठेही उभा राहिला की पाय स्वस्थ म्हणून राहायचा नाही. मालाडला त्याच्या मेव्हण्याच्या चाळीत गणपतीचा मांडव घालत होते. बांबूसाठी खड्डा घ्यायला पोरं पहार उचलणार, एवढ्यात लवू म्हणाला, "तिकडे नको रे, खालती पोकळ आहे." सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही प्रसाद खा." पोरांनी पहार मारली. पहार गेली ती गेलीच, आणि वर जो काय दरवळ आला त्याने आरतीला आलेल्या बाया परत फिरल्या. चाळ नवी होती तेव्हाचा बुजवलेला संडासाचा खड्डा होता तो! त्या वर्षी गणपती दोन हात बाजूला बसला.

पण गमती सोडल्या तर लवूच्या कामात एक मोठी पंचाईत होती. त्या तुकड्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही, चौथरा नाही. आईबाप येत, लेकरू ठेवत, वर काटेरी फांद्या आणि दगड रचत आणि जात. पावसाळ्यात सगळं वाहून सपाट व्हायचं. दुसरं लेकरू आलं की पहार घालायची कुठे? एकाला ठेवताना दुसऱ्याला उघडं पाडलं तर त्या पापाला धुणं नाही. लवूने याच्यावर आपली युक्ती काढली होती. लेकराला ठेवताना घरची माणसं खड्ड्यात मीठ घालतात, जाडंभरडं, पिशवीभर. तिथे पुढे गवत धरत नाही, आणि माती जिभेवर ठेवली तर खारट लागते. लवू खणायच्या आधी चिमूटभर माती तोंडात घालायचा. खारट लागली की समजायचं, इथे कुणीतरी निजलंय. नमस्कार करायचा आणि बाजूला सरकायचं. त्याच्या हातून एकही लेकरू कधी उघडं पडलं नाही, आणि ह्या एका गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. तो बोलून कुणाला दाखवणार? बाग खात्यात होता ना तो!

दिवाळी होऊन गेली होती, साल शहाऐंशी. एक हवालदार स्मशानात आला आणि म्हणाला, "राऊळ, फौजदारसाहेबांनी बोलावलंय. पहार घेऊन ये." लवूने आदल्या वर्षी कोर्टाच्या हुकमावरून एक पुरलेलं प्रेत बाहेर काढून दिलं होतं, हाडाला धक्का न लावता. ते पोलिसांच्या ध्यानात होतं.

प्रकरण होतं भीमराज कांबळ्याचं. मालाडच्या पूर्वेला, आरे कॉलनीच्या डोंगराला लागून एक खाजगी तबेला होता, तिथला हा वॉचमन. जालन्याकडचा माणूस, बायको राधा, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी कामावर गेला तो परत आलाच नाही. पोलिसांनी नोंद घेतली, शोध घेतला, सोडून दिला. मग वस्तीने आपला निकाल दिला. तबेल्यावर गवताचे भारे विकायला एक बाई यायची, तीही त्याच सुमारास दिसेनाशी झाली होती. एवढ्यावरून कहाणी तयार! भीमराज तिला घेऊन सुरतेला गेला. कुणीतरी तर त्याला सुरतेत बघूनही आलं. सासरच्यांनी राधालाच बोल लावला, की तिनेच जाच करून आमचा पोरगा घालवला. दोन वर्षं ती बाई टाकलेली म्हणून जगत होती. चार घरची भांडी घासायची आणि कुणी "काय गं, पत्र आलं का सुरतेचं?" विचारलं तर खाली मान घालून पुढे जायची.

आणि आता, तबेल्यातला एक गडी इस्पितळात मरायला टेकला होता, त्याने पोलिसांना बोलावून सांगितलं. दूध चोरताना भीमराजने आम्हा तिघांना पकडलं. झटापट झाली, त्याचं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं, तो उठला नाही. मागच्या चढावर पुरला. कुठे पुरला, हे फौजदार विचारत होते तोवर गड्याची वाचा बसली आणि दुपारी तो गेला. बाकीचे दोघे कधीच मुलखाला पळालेले. आता सांगणारी उरली ती फक्त जमीन.

लवू तिथे पोचला तर चढाखाली पोलिसांची गाडी, बघे, आणि एका उंबराखाली एकटीच बसलेली राधा. जवळच फौजदार मोहिते. ह्यांचं नाव श्यामकांत, आवाज मात्र मेघगर्जनेचा. आणि वर चढावर छत्रीची काठी टेकत टेकत एक बाई चाललेल्या. त्या डॉक्टर जयंती मॅडम. मेडिकल कॉलेजात शिकवायच्या. कुठे प्रेत सापडलं, हाडं सापडली, की पोलीस त्यांना बोलवायचे.

"काय करतायत त्या?" लवूने विचारलं.

"सकाळपासून गवत बघतायत," फौजदार म्हणाले. "मी म्हटलं, मॅडम, बुलडोझर मागवतो. तर माझ्यावर असे डोळे वटारले, यार, माझ्या आईनेसुद्धा कधी वटारले नाहीत."

मॅडम गवत उगाच नव्हत्या बघत. ऊन तिरपं असतं तेव्हा जमिनीतला जरासा खोलगटपणाही सावली धरतो, म्हणून त्या सकाळीच आलेल्या. पुरलेलं शरीर जिरतं, वरची माती बसते आणि जागा बशीसारखी दबते. दुसरं म्हणजे रानाची वीण बघायची. चढावर सगळीकडे कारवी माजलेली. तिच्यात मध्येच कुठे टाकळ्याचा, रानतुळशीचा पुंजका दिसला की तिथे कधीतरी कुदळ पडली असं समजायचं. अशा प्रत्येक जागी त्या एक लाल चिंधी बांधलेली काडी रोवत होत्या. लवूला त्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं, आणि वर विचारलं, "तुम्ही कसं ओळखता, राऊळ?"

कुणी त्याला असं कधी विचारलं नव्हतं. लवूची छाती फुगली. "मी दाखवतो ना," म्हणाला आणि काड्या-बिड्या सोडून थेट चढाला लागला. फिरता फिरता तबेल्याच्या मागच्या भिंतीपासून जरा वर त्याला एक जागा दिसली. माणसाच्या लांबीची. आजूबाजूला गुडघाभर गवत आणि ह्या पट्ट्यावर एक काडी नाही. लवू खाली बसला, चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

खारट!

"इथेच आहे!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की खालचे बघे उठून उभे राहिले. राधाही उठली. अनवाणीच चढ चढून आली आणि थोड्या अंतरावर उभी राहिली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून.

मॅडम म्हणाल्या, "जरा सावकाश घेऊ." पण फौजदारांना धीर नव्हता आणि लवूला तर त्याहून नव्हता. खणलं. हातभर खाली गेल्यावर गोणपाटाच्या चिंध्या लागल्या. बघे पुढे सरकले. लवूने हाताने माती बाजूला सारली. गोणपाटात होते मिठाचे खडे. आणखी खणलं, आणखी खडे.

तेवढ्यात तबेल्यातला एक म्हातारा गवळी काठी टेकत आला आणि वाकून बघून बोळक्या तोंडाने हसायला लागला. "अरे बाबा, इधर तो भैंस लोग का नमक रखते थे! पहले यहीं शेड था ना."

म्हशींना चाटायला मीठ लागतं. वर्षानुवर्षं गोणी तिथे ठेवलेल्या, पावसात पाझरलेल्या, शेड पाडताना मातीखाली गेलेल्या. फौजदार कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वा, राऊळ! झकास. मिठागर शोधून दिलंस सरकारला." बघे हसले. त्यांतल्या एका बाईने, राधाच्याच शेजारणीने, नीलाने, कुजबुजल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माणूस सुरतेत आणि हे शोधतायत मातीत!"

लवू खड्ड्यात तसाच उभा राहिला. वर बघायची त्याची छाती होईना. राधा खड्ड्याच्या कडेला आली.

"भाऊ, तुम्ही काय चाखलंत?"

"मीठ, बाई. पुरताना मीठ घालतात. माझ्याकडे सगळे घालतात."

"कोण घालतं?"

"कोण म्हणजे... आईबाप. घरची माणसं."

राधाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, हे इतकं साधं ह्याला कसं कळलं नाही, असं बघितलं. "मग आमच्या मालकांना ज्यांनी पुरलं ते काय त्यांचे आईबाप हुते?"

एवढं बोलून ती पुन्हा उंबराखाली जाऊन बसली.

त्या संध्याकाळी लवूला जेवण जाईना. सुगंधाने सरंगा माशाचं तिखलं केलं होतं आणि ताटात ते निवत चाललं होतं. तिने सगळं काढून घेतलं त्याच्याकडून, मिठागरासकट. हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"खरा ता बोलला तां," ती म्हणाली. "तुझ्या मसणात येतत ते रडत येतत. हे काय रडत इल्ले?"

लवूचा घास हातातच राहिला. आजवर त्याने ज्या जागा ओळखल्या त्या सगळ्या मायेने केलेल्या होत्या. मीठ मायेचं, वरचे काटे मायेचे, कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून. डोकं कुठल्या दिशेला, हेसुद्धा कुणीतरी आजोबा सांगायचे. जो माणूस पुरतो तो पुन्हा तिथे यायचं मनात ठेवूनच पुरतो, असं त्याने धरलेलं. ज्याला पुन्हा तिथे बघायचंसुद्धा नाही, तो कसा पुरेल? हे त्याच्या टाचेला आणि जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं.

"तू त्यांच्यासारखो इचार कर," सुगंधा ताट पुढे सरकवत म्हणाली. "माणूस घायत असलो काय हाताक सवय असात तांच करता. ते गवळी. त्यांका खणूची सवय कसली?"

लवूने तिच्याकडे बघितलं आणि मग सगळा भात एका झपाट्यात संपवला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा गेला त्या म्हाताऱ्या गवळ्याकडे. विडी पुढे केली आणि विचारलं, "चाचा, रेडकू मेलं की काय करता?"

म्हशीचं पारडू, त्यातून नर, फार जगत नाही तबेल्यात. म्हाताऱ्याने हात करून दाखवलं. चढाच्या डाव्या अंगाला, ओढ्याच्या वरच्या बाजूला. तिथे मेलेली रेडकं पुरायची. तिथे कुणी फावडं घेऊन जाताना दिसलं तर कोण विचारणार होतं? रोजचंच काम.

लवू तिकडे गेला तर जयंती मॅडम तिथे आधीच उभ्या! त्या वेगळ्या वाटेने तिथे पोचल्या होत्या. आदल्या दिवशी रोवलेल्या काड्यांपैकी बऱ्याच ह्याच बाजूला होत्या.

"या, राऊळ. हे बघा. इथे इतके खळगे आहेत, सगळे गोल. हा एकच लांबट. आणि टाकळा बघा केवढा."

"ही रेडकांची जागा, मॅडम."

"असं होय!" मॅडम छत्रीवर रेलल्या. "मग इतर खळगे का, ते कळलं. पण हा लांब का?"

लवूने टाच आपटली. आवाज बसका आला. मॅडमनी आपली लोखंडी सळई दिली, वर आडवी मूठ असलेली. लवूने ती खळग्याबाहेर रोवली तर वीतभर जाऊन मुरमावर खणकन थांबली. आत रोवली तर लोण्यात सुरी जावी तशी गेली. मॅडमनी सळईचं टोक वर घेऊन हुंगलं आणि मान हलवली. "वास काही सांगत नाही. दोन पावसाळे गेलेत. उघडूनच बघू. पण आज माझ्या पद्धतीने."

त्यांची पद्धत म्हणजे पहार नाही, कुदळ नाही. दोरी लावून चौकोन आखायचा आणि थापीने साय काढावी तसा मातीचा एकेक थर खरवडायचा. निघालेली माती चाळणीतून गाळायची. फौजदार दर थोड्या वेळाने घड्याळ बघत आणि म्हणत, "मॅडम, ह्या वेगाने माझी रिटायरमेंट येईल." मॅडम म्हणायच्या, "तुमची होईल, मोहिते. भीमराजची नाही व्हायची." बघे आदल्या दिवसापेक्षा जास्त जमले होते, मिठागराची बातमी पसरली होती ना.

दुपार कलली आणि लवूच्या थापीला हाड लागलं.

राधा उभी राहिली. मॅडम खड्ड्यात उतरल्या, कुंचल्याने माती झाडली. आणखी एक हाड. मग बरगड्या. मग लांबुडकं जबड्याचं हाड, चपट्या दातांचं. मॅडमनी कुंचला खाली ठेवला.

"रेडकू आहे."

वरून कुणीतरी जोरात हसलं. मग हसण्याची लाटच आली. नीला म्हणाली, "घे गं राधे, सापडला तुझा नवरा! शिंगं फुटलीत बघ." फौजदार हवालदाराला म्हणाले, "बुजवा. पंचनाम्यात लिहा, काही आढळलं नाही." राधा वाकून चपला शोधायला लागली.

आणि लवू खड्ड्यातच उकिडवा बसलेला. त्याचं लक्ष रेडकाकडे नव्हतं, खड्ड्याच्या बाजूला होतं.

मातीचं असं आहे. देवाने ती ठेवलीय थरांनी, वर काळी, खाली तांबूस मुरूम, त्याखाली दगड. एकदा तिला उकरून परत भरली की ते थर मोडतात. काळं खाली, मुरूम वर, सगळी खिचडी. मग कितीही पावसाळे जाऊ देत, ती पुन्हा थरांनी लागत नाही. न उकरलेल्या मातीला लवू कोरी माती म्हणायचा. लेकरासाठी खणताना कोरी लागली की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. आता रेडकाच्या बरगड्यांखाली त्याने बोट घातलं. काळी आणि तांबूस, एकात एक.

पण बोलायचं कसं? काल एवढ्या मोठ्याने ओरडला होता, त्याचं काय झालं सगळ्यांनी बघितलं होतं. आज पुन्हा बोलला आणि पुन्हा काही निघालं नाही, तर हसं त्याचं होणार ते होणारच, पण त्या बाईला तिसऱ्यांदा चपला शोधायला लागणार. गप्प बसलं तर निदान ती आज घरी जाईल. त्याने वर बघितलं. राधाने एक चप्पल पायात घातली होती आणि दुसरी हातात धरून ती उभी होती, कुठे जायचं ते विसरल्यासारखी.

"मॅडम," लवू हळूच म्हणाला, "अजून कोरी माती लागली नाही."

मॅडमनी चमकून त्याच्याकडे बघितलं. मग खाली गुडघे टेकले आणि थापीची कड खड्ड्याच्या बाजूवरून वरून खाली नेली. "मलाही हीच शंका येत होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, थकल्यामुळे दिसतंय का आपल्याला. रेडकाला कुणी एवढं खोल खणत नाही, नाही का?"

"नाही. तंगडं झाकलं की झालं."

"मोहिते, थांबा जरा."

"आता काय, मॅडम?"

"थांबा म्हटलं ना!"

रेडकू दोघांनी मिळून उचललं, एका ताडपत्रीवर ठेवलं. खालून पुन्हा थर खरवडायला घेतले. वरचं हसणं आपोआप विरत गेलं. आधी निघाला खाकी कापडाचा तुकडा, मग पट्ट्याचं पितळी बक्कल, हिरवं पडलेलं. मग हाड. ह्या हाडाजवळ मॅडम कितीतरी वेळ कुंचला फिरवत राहिल्या आणि शेवटी खड्ड्यातूनच त्यांनी हाक मारली.

"राधाबाई, तुमच्या मालकांना कधी खांद्याला लागलं होतं का?"

राधा कडेला आली. "डाव्या. गावाकडं कबड्डीत पडले हुते, लग्नाआधी. त्या खांद्यावर वझं घ्यायचे न्हाईत. आभाळ आलं की दुखायचा."

मॅडमच्या हातात गळ्याजवळचं ते हाड होतं, डाव्या बाजूचं. मध्येच गाठ आलेली, मोडून पुन्हा सांधलेल्या फांदीला येते तशी. प्रयोगशाळेतून शिक्कामोर्तब व्हायला पुढे कित्येक महिने गेले, कवटीचे फोटो, मापं, सगळं झालं; सासरचे लोकही आले, राधाच्या पायाशी बसून रडले. पण त्या घटकेला खड्ड्यात होती त्या दोघांना आणि वर उभी होती तिला आणखी काही लागत नव्हतं.

"म्हंजे हे हितंच हुते?" राधाने विचारलं.

"हो, बाई."

"समदा येळ?"

"सगळा वेळ."

राधा हसली. नुसती ओठात नाही, चांगलं मोठ्याने, दात दिसेपर्यंत हसली. हवालदाराने घाबरून फौजदारांकडे बघितलं. बघ्यांतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. त्याला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. ती नीलाकडे वळली. "बघ गं नीला, सुरतेला न्हाई गेले!" असं सांगताना तिचा आवाज लग्नाची बातमी सांगावी तसा होता. नीलाने पदर तोंडावर घेतला. मग राधा तिथेच मातीत खाली बसली आणि खड्ड्याच्या कडेवर हात फिरवत राहिली. जयंती मॅडम येऊन तिच्या शेजारी बसल्या, त्यांची चांगली साडी धुळीत.

लवूने घरी येऊन अंघोळ केली. सुगंधा ताट वाढत होती. तिला राहवेना.

"गावलो?"

"गावलो."

"रडली असात बिचारी."

"नाय गो. हसली." लवू पाटावर बसला. दुपारपासून हेच त्याच्या मनात घोळत होतं. स्मशानात चार वर्षं काढली, माणसं रडताना, मुकी होताना, एकमेकांच्या अंगावर धावून जाताना बघितली, पण हसताना कुणी बघितलं नव्हतं. "घो मेलेलो गावलो आणि बाईल हसता. माका काय ता समाजला नाय."

सुगंधाचा हात भातावर थांबला. मग तिने आमटीची वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मी पण हसलंय असतंय," ती म्हणाली. "जेव आता."